वसतिगृहातून वस्तीकडे

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासावरील धडा शिकवताना विद्यार्थी आम्हाला नेल्सन मंडेलांविषयी विचारतात. सत्तावीस वर्षांचा तुरुंगवास, सुटका, राष्ट्राध्यक्षपद हा क्रम त्यांना ठाऊक असतो. पण त्या देशातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींनी, बावीस वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने, सत्तावीस वर्षांच्या एका तरुण डॉक्टर महिलेने आपापल्या वस्त्यांत काय उभे केले, याविषयी कोणी विचारत नाही. आपल्याकडेही हेच घडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतले जाते, पण त्यांच्या प्रेरणेने पोरवयात कामाला लागलेल्या शेकडो तरुणांचा इतिहास मागे राहतो. या दोन भूमींतील तरुणांच्या कार्याचा एकत्र विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा मानस आहे. निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी तो विषय अनुरूप आहे, कारण या कथेचा बराचसा भाग वसतिगृहांतच घडलेला आहे.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना केली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ४ जानेवारी १९२५ रोजी, सभेने सोलापूर येथे माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सत्याग्रह, परिषदा, महाड हे सारे पुढे यायचे होते, आधी राहण्या-जेवण्याची सोय झाली. मुलांचे कपडे, भोजन, वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला. बाबासाहेबांच्या चरित्रांतून ही माहिती एखाद्या परिच्छेदात येते आणि वाचक पुढे सरकतो. आम्हाला मात्र तेथे थांबावेसे वाटते ते त्यातील एका तपशिलामुळे. या वसतिगृहातील विद्यार्थी स्वतःचे एक मासिक चालवीत होते. त्याचे नाव ‘सरस्वती विलास’.

या गोष्टीचे मोल समजून घ्यायचे तर ती मुले कोण होती हे डोळ्यांसमोर आणले पाहिजे. ज्यांच्या घरात छापील कागदाचा तुकडाही कधी आला नव्हता, ज्यांच्या आईवडिलांना अंगठ्यावाचून दुसरी सही नव्हती, अशी ती मुले. दोन वेळचे अन्न आणि निवारा मिळताच त्यांनी पहिली गोष्ट केली ती लिहिण्याची. वाचक म्हणून आपले नाव कोठे लागेल याची त्यांनी वाट पाहिली नाही. मुंबईतही सभेने मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी हॉकीचा क्लब काढला. वाचन आणि खेळ! समाजाच्या उत्थानाची भाषा करणाऱ्या आजच्या कार्यक्रमपत्रिकांत हे दोन विषय शोधूनही सापडत नाहीत, हे जाता जाता नमूद करतो.

त्याच सुमारास नागपुरात जाईबाई चौधरी यांचे काम चालू होते. जाईबाईंचा जन्म १८९२ चा. लहानपणी आणि तरुणपणी त्या नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावर ओझी वाहून नेण्याची हमाली करीत. एका मिशनरी बाईंच्या मदतीने त्या शिकल्या आणि मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. पण ‘अस्पृश्य बाई आमच्या मुलांना शिकवते’ म्हणून सवर्ण पालकांनी गिल्ला केला आणि नोकरी गेली. जाईबाई दुसरी नोकरी शोधत बसल्या नाहीत. त्यांनी वस्तीतील मुलींसाठी संत चोखामेळा यांच्या नावाने स्वतःची शाळा काढली. ओझी वाहणारी मुलगी शिक्षिका होते, शिक्षिकेचे पद हिरावले जाते आणि ती शाळेची संस्थापक होते, हा सारा प्रवास चाळिशीच्या आतला आहे. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकांत त्यांना अजून हवी तशी जागा मिळालेली नाही.

आता मराठवाड्याकडे येऊ. सन १९४८ हे दोन्ही भूमींच्या इतिहासात वळणाचे वर्ष आहे. त्या वर्षी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत नॅशनल पार्टी निवडून आली आणि वर्णभेदाला ‘अपार्थाइड’ या नावाने राज्याचे अधिकृत धोरण बनवण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामाची राजवट संपून मराठवाडा मुक्त झाला. १९५० साली तेथे लोकसंख्या नोंदणी कायदा आणि वस्ती-विभागणी कायदा संमत झाले. पहिल्याने माणसाच्या जन्मावर वंशाचा शिक्का मारला, दुसऱ्याने त्या शिक्क्यानुसार त्याने कोठे राहायचे ते ठरवले. आपल्याकडे गावकुसाबाहेरच्या वस्तीसाठी वेगळा कायदा करावा लागला नव्हता, ते काम रूढीने शतकानुशतके चोख बजावले होते. आणि त्याच १९५० च्या जून महिन्यात पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. राजा मिलिंद शंका विचारतो आणि भन्ते नागसेन तिचे निरसन करतात, या संवादाची आठवण त्या नावांत आहे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारणारा राजा व्हावे, ही अपेक्षा नाव ठेवतानाच व्यक्त झाली.

निजामी राजवटीत माध्यमिक व उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठी बोलणाऱ्या, त्यातही गावकुसाबाहेरच्या मुलाला महाविद्यालय हे केवळ पैशाअभावी दूर नव्हते, भाषेमुळेही दूर होते. बीड, नांदेड, परभणी, उस्मानाबाद जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून मुले नागसेनवनात आली ती या पार्श्वभूमीवर. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी त्यांच्यासाठी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते रंगभूमीवर आणले. तमाशाच्या फडात ज्यांचे पूर्वज पोटासाठी नाचले-गायले, त्यांची मुले आता आपल्याच समाजाचा इतिहास रंगमंचावर मांडत होती. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिलिंद महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ची मुहूर्तमेढ रोवली, तेव्हा ते जेमतेम तिशीचे होते. पहिली कविता, पहिली कथा घेऊन येणाऱ्या खेड्यातील पोरांना त्या नियतकालिकाने पान दिले. सोलापूरच्या वसतिगृहातील मासिक आणि ‘अस्मितादर्श’ यांच्यामध्ये चाळीस-बेचाळीस वर्षांचे अंतर आहे, पण धागा एकच आहे.

नेमक्या याच काळात दक्षिण आफ्रिकेत एक तरुण असाच विचार करीत होता. स्टीव्ह बिको याचा जन्म १८ डिसेंबर १९४६ चा. तो नाताळ विद्यापीठाच्या कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या विभागात डर्बन येथे वैद्यकशास्त्र शिकत होता. त्या वेळच्या विद्यार्थी संघटनेत उदारमतवादी गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीयांच्या वतीने बोलत. बिको व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रश्न केला, आमच्या वतीने तुम्ही का? १९६९ मध्ये त्यांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. तिचा पहिला अध्यक्ष बिको झाला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आपले नेतृत्व आपणच केले पाहिजे हा बाबासाहेबांचा आग्रह ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बिकोची भूमिका परकी वाटणार नाही.

तथापि बिकोचे मोठेपण केवळ या वैचारिक मांडणीत आहे असे आम्हाला वाटत नाही. १९७३ मध्ये सरकारने त्याच्यावर बंदीहुकूम बजावला. किंग विल्यम्स टाउन या त्याच्या गावाबाहेर जायचे नाही, सभेत बोलायचे नाही, त्याचे शब्द कोणी छापायचे नाहीत. एका वक्त्याचे तोंडच बंद केले गेले. तेव्हा त्याने व सहकाऱ्यांनी हाताने करण्याची कामे काढली. जवळच्या झिन्योका या खेड्यात १९७५ मध्ये ‘झानेम्पिलो’ नावाचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. खोसा भाषेतील या नावात ‘आरोग्य घेऊन येणे’ असा भाव आहे. तेथे डॉ. मॅम्फेला रॅम्फेले काम पाहू लागल्या. बाळंतपणे, मुलांचे कुपोषण, क्षय यांवर तेथे उपचार होत. न्जवाखा येथे गावकऱ्यांसाठी कातड्याच्या वस्तू बनवण्याचा उद्योग सुरू झाला. तुरुंगातून सुटलेल्या राजकीय कैद्यांना पायावर उभे करण्यासाठी निधी जमवला गेला. कातडी कमावण्याच्या कामाबरोबर आपल्याकडे जो हीनतेचा कलंक जोडलेला आहे, तो आठवला म्हणजे तेथील तरुणांनी याच वस्तूतून स्वाभिमानाची रोजी उभी केली हे वाचताना मन भरून येते.

१९७६ मध्ये सरकारने गणित व सामाजिक शास्त्रे हे विषय आफ्रिकान्स भाषेतून शिकण्याची सक्ती केली. त्याविरुद्ध १६ जून रोजी सोवेटोमधील शाळकरी मुले रस्त्यावर आली. त्यांच्या अग्रभागी असलेला त्सिएत्सी माशिनिनी एकोणीस वर्षांचा होता. पोलिसांच्या गोळीबारात बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन मृत्युमुखी पडला. आज तो दिवस त्या देशात युवक दिन म्हणून पाळला जातो. पुढच्या वर्षी बिकोला अटक झाली. कोठडीत त्याच्या डोक्याला जबर मार बसला. नग्न अवस्थेत, गाडीत टाकून, हजारांहून अधिक किलोमीटर दूर प्रिटोरियाला नेल्यावर १२ सप्टेंबर १९७७ रोजी त्याचा मृत्यू झाला. वय तीस. डॉ. रॅम्फेले यांना सरकारने दूर उत्तरेकडील लेन्येन्ये या अनोळखी गावी हद्दपार केले. तेथे त्यांनी काय केले? दुसरे आरोग्यकेंद्र सुरू केले.

आपल्याकडे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नामदेव ढसाळ तेव्हा तेवीस वर्षांचे होते, ज. वि. पवार, राजा ढाले हेही तरुणच. नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून. खेड्यापाड्यांतील अत्याचारांविरुद्ध पँथरने जी निर्भयता पेरली तिचे ऋण मराठवाड्याने कधी विसरू नये. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून एक तुलना टाळता येत नाही. अमेरिकेतील ज्या पक्षाचे नाव घेतले, तो १९६९ पासून वस्त्यांतील शाळकरी मुलांना सकाळची मोफत न्याहारी देत असे. नाव आपल्याकडे आले, न्याहारी आली नाही. दोन वर्षांत संघटनेत फूट पडली आणि वस्तीवस्तीत टिकणाऱ्या संस्था उभ्या करण्याचे काम अपुरे राहिले. हे दोषारोपण नव्हे, त्या तरुणांच्या डोक्यावर रोज हल्ल्याची टांगती तलवार होती. पण त्यांच्या कवितेइतकाच त्यांच्या कामाचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.

नामांतराचा लढा वाचकांना सांगण्याची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात ठराव झाला आणि त्याची किंमत मराठवाड्यातील वस्त्यांनी जळालेल्या घरांनी मोजली. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. त्याच वर्षी २७ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेतील सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. अवघ्या साडेतीन महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या घटना फळ्यावर शेजारीशेजारी लिहिल्या की विद्यार्थ्यांना इतिहास वेगळाच दिसू लागतो, हा आमचा अनुभव आहे.

मात्र मतदानाचा हक्क आला म्हणजे काम संपले असे तेथील मुलांनीही मानले नाही. न्कोसी जॉन्सन हा जन्मतःच एचआयव्हीबाधित मुलगा. १९९७ मध्ये जोहान्सबर्गच्या शाळेत त्याच्या प्रवेशाला विरोध झाला. तो विरोध मोडून त्याला प्रवेश मिळाला आणि शाळांनी अशा मुलांना नाकारू नये या धोरणाची वाट मोकळी झाली. जुलै २००० मध्ये डर्बनच्या जागतिक एड्स परिषदेत अकरा वर्षांच्या या मुलाने जगासमोर भाषण केले. बाधित मातांना आपल्या मुलांसह राहता यावे म्हणून त्याच्या नावाने निवारा उभा राहिला. १ जून २००१ रोजी तो गेला. शाळेचे दार, स्पर्शाची भीती, पालकांचा विरोध! जाईबाई चौधरींची गोष्ट येथे पुन्हा आठवल्यावाचून राहत नाही.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपल्या प्रत्येकाच्या घरी माहीत आहे. तिचा उच्चार जयंतीच्या भाषणात होतो आणि टाळ्या पडतात. आमचा प्रश्न माजी विद्यार्थ्यांना आहे, आणि तो साधा आहे. चितेगाव परिसरात, पैठण रस्त्याच्या दुतर्फा कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांच्या वस्त्या आहेत. पलीकडे बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, आणि सातवी-आठवीतील मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत जाते. शासनाची हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती प्रत्येक गावात वेळेवर सुरू होतातच असे नाही. आपल्यापैकी कितीतरी जण अशाच घरांतून येथे आले, वसतिगृहाच्या पंगतीत जेवले, आज शिक्षक, परिचारिका, अभियंते, वकील आहेत.

गावोगावी बुद्धविहारे आहेत. पुष्कळ ठिकाणी ती वंदनेपुरती आणि वैशाख पौर्णिमेपुरती उघडतात, काही ठिकाणी मात्र तेथे रोज रात्री अभ्यासिका चालते. दुसऱ्या प्रकारच्या विहाराला लागते ते फार नाही : वीजबिल भरणारा एक जण, दहावीचे गणित व इंग्रजी शिकवणारे दोघे, शिष्यवृत्तीचा अर्ज आणि जातीच्या दाखल्याची कागदपत्रे समजावून सांगणारी एखादी शिकलेली मुलगी. माजी विद्यार्थ्यांनी गावनिहाय अशी नावे कळवल्यास ती शाळेत एका वहीत नोंदवून ठेवण्याचे काम आम्ही शिक्षक आनंदाने करू. टोळ्या दसऱ्यानंतर निघतात. कोणत्या घरातील मूल मागे राहू शकेल आणि त्याच्या जेवणाची सोय कोठे होईल, हे भाद्रपदातच ठरवावे लागेल.