आत्मौपम्य

कुरुक्षेत्रावर काय घडले, हे संजयाला विचारताना धृतराष्ट्राने पहिल्याच वाक्यात दोन पक्ष पाडले : एक ‘माझे’ आणि दुसरे ‘पांडूचे’. धाकट्या भावाची मुले त्याला आपली वाटली नाहीत. अर्जुनाची करुणा याहून विशाल होती. शत्रुसैन्यात उभे असलेले गुरू, पितामह, मामा आणि बंधू पाहून त्याचे गात्र गळाले. तथापि त्याच्याही विषादात ‘स्वजन’ हा शब्द पुनःपुन्हा येतो. दोघांनाही दुसऱ्यामध्ये स्वतःची ओळख पटली, ती ‘माझे’ या कुंपणाच्या आतच.

हे कुंपण सहाव्या अध्यायातील ३२ वा श्लोक दूर करतो. जो स्वतःच्या उपमेने सर्वत्र सुखदुःख सारखे पाहतो तो योगी श्रेष्ठ, असा त्याचा आशय आहे. मुख चंद्रासारखे आहे असे म्हणताना चंद्र हे उपमान असते. येथे स्वतःचा अनुभव हेच उपमान होय. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात याचे फलित सांगितले आहे : सुख जसे मला इष्ट तसे प्रत्येक प्राण्यास इष्ट, दुःख जसे मला अनिष्ट तसे त्यासही अनिष्ट, हे जाणणारा कोणाच्याही प्रतिकूल वागत नाही.

मात्र उपमेत साम्य असते, एकरूपता नसते. सुखाची इच्छा आणि दुःखाचा उद्वेग सर्वांस समान आहेत. आवडीनिवडी समान नाहीत. आपली आवड दुसऱ्यावर लादणे म्हणजे आत्मौपम्य नव्हे.

या श्लोकाची परीक्षा घरातच होते. मुलास ताप आला म्हणून एक गृहस्थ रात्रभर उशाशी बसतो आणि सकाळी कामावर जात नाही. त्याचे त्याला काहीच विशेष वाटत नाही. पुढे घरची मोलकरीण तिच्या मुलाच्या तापामुळे एक दिवस येत नाही, तेव्हा तोच गृहस्थ तिचा खाडा मांडतो. ताप तोच, रात्रीचे जागरण तेच आणि जिवाची तगमगही तीच. भेद केवळ ‘माझा’ या एका शब्दाचा. धृतराष्ट्र दूर हस्तिनापुरात नाही. तो त्या हिशेबाच्या वहीत बसला आहे.

हे समत्व ऐकताच अर्जुनाने शंका काढली, की मन चंचल असल्याने ते टिकणार कसे? ३५ व्या श्लोकात भगवंतांनी ती अडचण नाकारली नाही. अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले. गृहस्थाश्रमात दोन्ही साधतात. रागाचा शब्द ओठांवर येताच, तिच्या जागी आपण असतो तर काय वाटले असते, हे नित्य विचारणे हा अभ्यास. ‘माझे’पणाचा आग्रह थोडा थोडा सोडणे हे वैराग्य. त्या वहीतील एक खाडा पुसून टाकला, तर दोहोंचा आरंभ एकाच वेळी होतो.