व्यसनमुक्तीचा सल्लागार

जूनचा महिना लागला की मालवणचा समुद्र खवळतो. जून आणि जुलैत यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवतात. जाळी दुरुस्त करण्यापलीकडे हाताला काम नसते. वेळ मात्र भरपूर. गोव्याची हद्द जवळ, बाटली स्वस्त. अशा दिवसांत कित्येक घरांत दारू शिरते. नारळी पौर्णिमा होते, होड्या पाण्यात जातात, पण दारू घराबाहेर पडत नाही.

समजा, देवबागेत असेच एक घर आहे. घरधनी रोज पितो. घरच्या बाईने भांडून पाहिले, रडून पाहिले, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले. शेवटी ती शेजारच्या भाऊंकडे गेली. भाऊ पूर्वी स्वतः खूप प्यायचे. आता सहा वर्षे झाली, थेंबाला शिवलेले नाहीत.

ती म्हणाली, "भाऊ, तुमी सोडलात. आता ह्यांका पण सांगा. तुमचा ह्ये ऐकतीत."

भाऊ गेले. तासभर त्यांनी उपदेश केला. "मी सोडलंय, मगे तुका कित्याक जमना नाय?" असेही चार माणसांत विचारले. घरधन्याने मान खाली घातली. त्या रात्री तो दुप्पट प्यायला. पुढे भाऊ वाटेत दिसले की तो तोंड फिरवू लागला.

भाऊंचे काय चुकले? त्यांचे मन चांगले होते. अनुभवही खरा होता. पण ते काम शिकलेले नव्हते. आपण पोहून किनाऱ्याला लागणे वेगळे, आणि बुडणाऱ्याला ओढून आणणे वेगळे. बुडणाऱ्याला कसे धरावे हे ठाऊक नसेल, तर दोघेही पाण्यात जातात.

ही चूक फार जुनी आहे. अमेरिकेत बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ होता. तो शेअर बाजारात काम करी. दारू सुटल्यावर तो सहा महिने इतर दारूबाजांना उपदेश करीत हिंडला. एकही सुधारला नाही. मग एका डॉक्टरने त्याला सांगितले, "उपदेश सोड. आधी हा आजार काय आहे ते सांग." १९३५ साली अॅक्रन गावी त्याची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली. तेही दारूच्या कह्यात होते. विल्सनने त्यांना स्वतःचीच हकिगत सांगितली. दोघे तासन्‌तास बोलले. पुढे थोड्याच दिवसांत डॉक्टरांची दारू कायमची सुटली. यातूनच 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही चळवळ निघाली. १९५७ साली ती भारतात आली. तिच्या सभेत कोणी कोणाला दोष देत नाही. जो तो आपली गोष्ट सांगतो, आणि फक्त आजचा दिवस न पिण्याचे ठरवतो.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम उभे राहिले. पुण्यात ब्राऊन शुगरच्या, म्हणजे गर्दच्या, नादी लागलेल्या मुलांवर अनिल अवचट यांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदत देऊ केली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तेथे उपचार घेऊन बरी झालेली कित्येक माणसे पुढे तेथेच कामाला लागली. नवा रुग्ण म्हणतो, "तुम्हाला काय कळणार माझं दुःख?" तेव्हा समोरचा म्हणू शकतो, "मीही याच खाटेवर झोपलो होतो."

मद्रासच्या शांती रंगनाथन यांचे यजमान दारूपायी गेले. त्या रडत बसल्या नाहीत. १९८० साली त्यांनी यजमानांच्या नावाने उपचारकेंद्र काढले. म्हणजे हे काम करायला स्वतः प्यायलेले असावेच लागते, असे नाही. शिकावे मात्र दोघांनाही लागते.

मग सल्लागाराला काय काय शिकावे लागते?

पहिली गोष्ट, ऐकणे. "का पितोस?" असे दरडावून विचारले की माणूस खोटे बोलतो. "झोप कशी लागते? सकाळी हात कापतात का?" असे विचारले की तो खरे सांगू लागतो.

दुसरी गोष्ट, आपली हद्द ओळखणे. सल्लागार म्हणजे डॉक्टर नव्हे. रोज खूप पिणाऱ्याने एकदम दारू तोडली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत धोका असतो. अंग थरथरते, घाम सुटतो, फिट येऊ शकते, माणूस भ्रमात बडबडतो. यात जीवही जाऊ शकतो. अशा वेळी घरी कोंडून ठेवू नये. मालवणच्या किंवा ओरोसच्या सरकारी रुग्णालयात न्यावे. चहात चोरून पूड घालणेही वाईट. दारू सोडवण्याचे एक औषध असे आहे, की त्यावर दारू पोटात गेली तर जीव घाबरा होतो, रक्तदाब उतरतो. ते औषध रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

तिसरी गोष्ट, गुपित राखणे. आज ऐकलेले उद्या मासळीबाजारात गेले, तर परत कोणी तोंड उघडणार नाही.

चौथी गोष्ट, घरच्यांना धीर देणे. बायकोला वाटते, "माझंच काही चुकलं." तिला सांगावे लागते, "वहिनी, हा आजार आहे. तुमचा दोष नाही. पण त्याची उधारी तुम्ही फेडू नका, त्याच्यासाठी खोटं बोलू नका."

पाचवी गोष्ट, धीर न सोडणे. सुटलेली दारू पुन्हा लागू शकते. तेव्हा "मी म्हटलंच होतं" असे म्हणू नये. कुठे घसरला ते त्याच्याबरोबर बसून शोधावे.

तुम्ही विचाराल, या कामाला परवाना लागतो काय? अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत लागतो. शिक्षण, जाणत्याच्या हाताखाली ठरावीक तास काम, आणि मग परीक्षा. आपल्याकडे औषध देण्याचा हक्क नोंदलेल्या डॉक्टरांनाच आहे. परंतु व्यसनाच्या सल्लागारासाठी वेगळा परवाना नाही. म्हणून तर जास्त जपायला हवे. पाटी कोणीही लावील. शिकलेला कोण, हे विचारून घ्यावे.

केंद्रांत सल्लागाराच्या नोकरीला सहसा पदवी मागतात. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकलेले असेल तर उत्तम. तुम्ही आज अक्षरे गिरवीत आहात म्हणून ही वाट बंद नाही. मोठ्या वयातही मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करता येते. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. तोवर केंद्रात मदतनीस म्हणून काम करावे आणि जाणत्यांचे पाहून शिकावे.

आपल्या भाऊंनी तसेच केले. काही महिने ते एका केंद्रात राहिले, शिकले. पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा त्या घरी गेले. घरधनी जाळे दुरुस्त करीत होता. भाऊही जाळ्याचे टोक धरून बसले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग भाऊंनी विचारले, "झोप लागता मां रे?"

"खयची झोप, भाऊ! सकाळी हात कापतत. सुई धरूक जमना नाय."

भाऊ रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "माझेपण असेच कापायचे. उद्या आपण दोघांय डॉक्टराकडे जाऊया."

घरधन्याने सुई खाली ठेवली आणि मान डोलावली.

प्रश्न
१. पहिल्या वेळी भाऊंचे काय चुकले? दुसऱ्या वेळी त्यांनी काय वेगळे केले?
२. रोज पिणाऱ्याने एकदम दारू सोडली तर कोणता धोका असतो?
३. सल्लागाराने गुपित का राखावे?
४. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा मोफत फोन १४४४६ आहे. हा आकडा वहीत लिहा, घरी भिंतीवर लावा.