किनाऱ्याची वाट आणि तिथीचे गणित



आमचे लोणी देवकर उजनी धरणाच्या पाणफुगवट्यापासून जवळ आहे. हे पाणी पावसाळ्यात चढते आणि उन्हाळ्यात उतरते. म्हणजे वर्षातून एकदा भरते आणि एकदा ओसरते. पाण्याची एवढीच चाल ठाऊक असलेल्या नववी-दहावीच्या मुलांना घेऊन मी माघ महिन्यात रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तीन दिवसांच्या पायी सहलीला गेलो. पहिल्या दिवशी दिवेआगर ते श्रीवर्धन, दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर आणि तिसऱ्या दिवशी बाणकोटची खाडी ओलांडून वेळास, असा मार्ग होता.

रात्री चांदणे मिळावे म्हणून मी पौर्णिमेचा बेत सुचवला होता. आमचे वाटाडे साठीतले एक कोळी गृहस्थ होते. ते म्हणाले, "सर, पुनवेला भर दुपारी पुळण पाण्याखाली असते. मुले चालणार कुठून? शुद्ध पंचमीला निघा." आम्ही पंचमीला निघालो. पहिल्या दिवशी सकाळी आठ ते अकरा या वेळात ओल्या, घट्ट वाळूवरून मुले झपझप चालली. कोरड्या वाळूत पाय रुततो. ओलसर वाळूत कणांमधल्या पाण्याच्या पृष्ठताणामुळे कण एकमेकांना धरून राहतात, म्हणून पाय कमी रुततो. ओहोटीच्या वेळी अशी वाट आयती मिळते.

तिथीची पाऊणपट

वाटाड्यांनी वेळ कशी काढली? कोकणात एक जुना हिशोब आहे : तिथीच्या अंकाला पाऊणने गुणावे, म्हणजे भरतीची वेळ मिळते. पंचमीला ५ × ३/४ = ३ ३/४, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास. ही वेळ पहाटेची आणि दुपारचीही. भरती आणि ओहोटी यांत साधारण सव्वासहा तासांचे अंतर असते. म्हणून सकाळी साडेनऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी.

यामागचे कारण सोपे आहे. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते तोवर चंद्र आपल्या कक्षेत थोडा पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठण्यास सरासरी सुमारे ५० मिनिटे जास्त लागतात, आणि भरती रोज तेवढी उशिरा येते. एका पक्षात १५ तिथी असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ १२ तास पुढे सरकते. १२ भागिले १५ म्हणजे एका तिथीला ४/५ तास, अर्थात ४८ मिनिटे. जुन्या लोकांनी तोंडी हिशोबासाठी त्याचा पाऊण तास केला. त्यामुळे उत्तरात अर्ध्या-एक तासाची चूक राहू शकते. प्रत्यक्ष सहलीसाठी छापील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे. भारतीय सर्वेक्षण विभाग अशी कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध करतो.

हरिहरेश्वरचा प्रसंग

दुसरा दिवस षष्ठीचा. भरती साडेचारला, ओहोटी सकाळी सव्वादहाला. आम्ही हरिहरेश्वरला पोहोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. तेथील देवळाची प्रदक्षिणेची वाट कड्याखालच्या खडकांवरून जाते. लाटांनी खडकाला जाळीदार भोके पाडली आहेत. मुले ती पाहण्यास उतावीळ झाली. "सर, पाणी अजून केवढे खाली आहे! दोन तासांत एवढेसेच तर चढले." मलाही ते पटले. वाटाड्यांनी मात्र साफ नकार दिला. "आता ते पळायला लागेल," एवढेच ते म्हणाले.

रात्री मी वहीत आकडे मांडले. भरतीचे पाणी दर तासाला सारखे चढत नाही. एकूण चढाचे १२ भाग केले, तर सहा तासांत ते ढोबळमानाने १, २, ३, ३, २, १ असे चढते. समजा, चढ २४० सेंटिमीटरचा आहे. मग पहिल्या दोन तासांत २० + ४० = ६० सेंटिमीटर पाणी चढेल; पण पुढच्या दोन तासांत ६० + ६० = १२०, म्हणजे दुप्पट! लाटांची उंची त्याखेरीज. एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असताना माझा अंदाज किती महागात पडला असता, हे वेगळे सांगायला नको. डोळ्यांना पाण्याची पातळी दिसते, त्याचा पुढचा वेग दिसत नाही.

सप्तमीला, सकाळी दहाच्या सुमारास, पाणी उतरत असताना त्यांनीच आम्हांला प्रदक्षिणा घडवली.

उधाण आणि भांग

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य, चंद्र आणि पृथ्वी जवळजवळ एका रेषेत येतात. दोघांचा परिणाम एकत्र होऊन पाणी जास्त चढते आणि जास्त उतरतेही, हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असतात, म्हणून चढउतार कमी, हा भांग. भरती घडवण्यात सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी असतो.

खाडी ओलांडताना एका मुलीने विचारले, "मग आपल्या उजनीला भरती का येत नाही?" प्रश्न उत्तम होता. भरती केवळ चंद्राच्या ओढीने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या आणि दूरच्या भागांवरील ओढींत जो फरक पडतो, त्याने ती येते. महासागर हजारो किलोमीटर पसरलेला असल्यामुळे त्यात पाणी इकडून तिकडे वाहून जमू शकते. उजनीच्या दोन टोकांवरील ओढींत फरक इतका नगण्य असतो, की पाण्याची पातळी डोळ्यांना दिसेल एवढी हलत नाही.

करून पाहा : घरातील पंचांगावरून पंधरा दिवसांच्या तिथी लिहा. प्रत्येक तिथीची भरतीची वेळ पाऊणपटीने काढा आणि छापील कोष्टकातील मुंबईच्या वेळांशी ताडून पाहा. फरक कोणत्या तिथींना कमी पडतो आणि कोणत्या तिथींना जास्त, याचा आलेख काढा. समुद्र न पाहताही त्याची चाल तुमच्या वहीत उतरेल.