जुन्या फ्रेंच व्हायोलिनचा जीर्णोद्धार

दीडशें वर्षांपूर्वीं घडविलेलें व्हायोलिन आजही मधुर वाजतें, याचें आपणांस नवल वाटतें. लाकूड जुनें म्हणून आवाज गोड, असें पुष्कळजण म्हणतात. परंतु हें उत्तर अपुरें आहे. अशा वाद्याला दोन प्रकारचे कारागीर लाभलेले असतात: एक तें घडविणारा आणि दुसरा, कालांतरानें, तें दुरुस्त करणारा.

फ्रान्सच्या ईशान्य भागांत मिरकूर नांवाचें एक लहानसें गांव आहे. तंतुवाद्यें घडविणें हा तेथील शेंकडों वर्षांचा धंदा. बापानें मुलाला व उस्तादानें उमेदवाराला शिकवावें, अशी तेथील परंपरा. याच गांवीं १७९८ सालीं झां-बाप्तीस्त व्हियोम याचा जन्म झाला. १८१८ सालीं तो पॅरिसला गेला व १८२८ सालीं त्यानें तेथें स्वतःचा कारखाना काढला. या कारखान्यांतून ३,००० हून अधिक वाद्यें बाहेर पडलीं.

व्हियोम जितका कुशल निर्माता, तितकाच जुन्या इटालियन वाद्यांचा जाणता अभ्यासक होता. विख्यात वादक पागानिनी यानें आपलें १७४३ सालचें ग्वार्नेरीचें व्हायोलिन दुरुस्तीसाठीं त्याच्या स्वाधीन केलें, तेव्हां व्हियोमनें त्याची हुबेहूब प्रतिकृति तयार केली. मूळ वाद्य कोणतें, हें ओळखतांना खुद्द पागानिनीही गोंधळला, अशी आख्यायिका आहे. तीं दोन्ही वाद्यें आज इटलींतील जेनोआ शहराच्या मालकीचीं आहेत.

आतां दुरुस्ती कशी होते तें पाहूं. व्हायोलिनची वरची फळी स्प्रूसच्या हलक्या लाकडाची, तर पाठ मेपलच्या कठीण लाकडाची असते. हे भाग जोडण्यास जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरतात. याहून बळकट पदार्थ आज सहज मिळतात. तरी जाणता कारागीर त्यांना शिवत नाहीं. हवा कोरडी होऊन लाकूड आकसलें म्हणजे सरसाचा सांधा सुटतो व फळी फुटण्यापासून वांचते. शिवाय पातळ पातें हलकेंच घालून तो सांधा मुद्दाम उघडतांही येतो. उतावळ्या मनुष्यानें तेथें न सुटणारा गोंद भरला, तर पुढच्या कारागिराच्या हातून लाकूडच फाटावयाचें!

फळी उघडल्यावर भेगांतील मळ काढून त्या सरसानें जोडतात व आंतून लांकडाचे लहान तुकडे बसवितात. जुनें रोगण मात्र खरवडून काढीत नाहींत. गेलें असेल तेवढेंच भरतात. शेवटीं दोन फळ्यांच्या मध्यें एक बारीक काठी उभी करतात. तिला सरस नसतो. केवळ दाबानें ती उभी राहते. ती किंचित् सरकली तरी आवाज पालटतो. म्हणूनच फ्रेंच लोक तिला 'आत्मा' म्हणतात.

विसाव्या शतकांत मिरकूरचा हा धंदा ओसरला. तेव्हां ही विद्या लुप्त होऊं नये म्हणून १९७० सालीं तेथें वाद्यनिर्मितीची राष्ट्रीय शाळा सुरू झाली. 

विद्यार्थीमित्रहो, चांगला कारागीर आपल्या कामांत पुढच्या कारागिरासाठीं वाट ठेवून जातो, आणि पुढचा कारागीर मागच्याची खूण पुसून टाकीत नाहीं. या दोघांची कधीं भेट होत नाहीं. तथापि त्यांच्या परस्पर विश्वासावरच तें वाद्य वाजत राहतें.