लवकर सुरू झालेला बायपोलर

प्रश्न: माझ्या १५ वर्षांच्या मुलीला बायपोलर विकार असल्याचं निदान झालं आहे. तिच्या आत्याला तो तिशीत सुरू झाला. मुलीला जास्त त्रास होईल का?

उत्तर: लहान वयात सुरू झालेल्या आजारात झटके वारंवार येतात, मधला स्थिर काळ कमी मिळतो, चिंता, व्यसन आणि आत्महत्येचा धोकाही जास्त दिसतो. पण यात उपचारांना होणाऱ्या उशिराचाही वाटा असतो. चिडचिड, रात्र रात्र जागणं ‘वयच तसं’ म्हणून सोडून दिलं जातं आणि उपचारांविना वर्षं निघून जातात. तुम्ही ती वर्षं वाचवलीत, हे फार मोलाचं आहे. बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर थांबवू नका; लिथियम असेल तर रक्ततपासणी चुकवू नका. आणि झोप! परीक्षेतसुद्धा जागरण नको. मरणाची भाषा आली तर तिला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो.