माश्या आटोक्यात येतात गं

अगं, कोंबड्या विकायचं एवढ्यात मनात आणू नकोस. शेजारच्या काकू बोलल्या, सासरे जेवताना ताटावरून हात फिरवत कुरकुरले, नवराही म्हणाला की कशाला हा नसता व्याप. सगळं समजतं मला. पण परसातल्या त्या वीस कोंबड्या म्हणजे तुझ्या हातातले तुझे स्वतःचे पैसे आहेत. पोराची वही, तुझी औषधाची गोळी, माहेरी यायचं एस्टीचं भाडं, कशासाठी कुणाकडे मागावं लागत नाही तुला. पावसाळ्यातल्या माश्यांपायी ते सोडून द्यायचं? थोडं नेमाने केलंस तर माश्या आटोक्यात येतात, आणि त्यासाठी विकतचं फारसं काही लागत नाही. माशी जन्मते कुठे आणि किती दिवसांत, तेवढं मात्र नीट समजून घे.

घरमाशी एका वेळेला शंभर-सव्वाशे अंडी घालते, आणि असं चार-पाच वेळा. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यातून अळी निघायला एक दिवसही पुरतो. अळी चार-सहा दिवस घाणीत खात वाढते, मग जराशा कोरड्या कडेला सरकून कोष करते, आणि त्या कोषातून आणखी चार-पाच दिवसांनी माशी बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंत साधारण आठ-दहा दिवस; थंडीत जास्त. आज तुला ओसरीवर दिसतात त्या माश्यांची अंडी मागच्याच आठवड्यात कुठेतरी पडलेली होती. तू त्या सगळ्या मारल्यास तरी पुढच्या आठवड्याच्या माश्या या घटकेला घाणीत वळवळतायत. म्हणून फडकं घेऊन माशीमागे धावण्यात जीव काढू नकोस. अळीला जगायला जागा ठेवू नकोस.

आणि अळीला जगायला ओल लागते. ताज्या शिटेत पाऊण हिस्सा पाणीच असतं. तीच शीट वाळून ओल तीस टक्क्यांच्या खाली गेली की अळी तिथे तगत नाही. अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास शिटते. तुझ्या वीस कोंबड्यांची झाली दोन किलो. ही दोन किलो घाण रोज एकतर वाळली पाहिजे, नाहीतर तिथून हलली पाहिजे. बाकी सगळे उपाय याच्यानंतरचे.

यातली निम्मी घाण रात्री पडते, त्या बसायच्या दांड्याखाली, एकाच जागी. आणि माशी रात्री अंडी घालत नाही. अंधार पडला की ती वाशाला, दोरीला, पत्र्याच्या आतल्या बाजूला चिकटून बसते. म्हणजे रात्रीची घाण उजाडता उजाडता उचललीस तर तिच्यात अंडं पडायला वेळच मिळत नाही. दांड्याखाली जुना पत्रा नाहीतर फळी सरकवून ठेव. तिच्यावर संध्याकाळी मूठभर कोरडी माती किंवा तूस भुरभुरव. सकाळी चहा टाकायच्या आधी फळी बाहेर ओढायची, खरवडायची, परत सरकवायची. इतकी छोटी गोष्ट आहे ही, पण तुला एकच काम जमणार असेल तर मी हेच कर म्हणेन.

खुराड्यात खाली भाताच्या तुसाची गादी हवी, चांगली तीन-चार बोटं जाड. दर दोन-तीन दिवसांनी ती खालीवर कर, म्हणजे वरची ओल आत जिरते आणि हवा लागून वाळते. मूठभर गादी हातात घेऊन दाबून बघायची. लाडवासारखा गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे. जरा धरून लगेच विस्कटली तर गादी ठीक. जिथे गोळा होतो तेवढाच भाग काढून नवा तूस टाक, सगळी गादी दर वेळी फेकायची गरज नाही. पावसात कोरडा तूस मिळत नाही ही आपल्या कोकणातली खरी अडचण. त्यासाठी मे महिन्यातच भातगिरणीवरून दोन-चार पोती आणून माळ्यावर टाकायची. तूस कमी पडला तर पातेरा चालतो. भाजवळीसाठी गोळा करताना त्यातला थोडा बाजूला काढून ठेव, पण कोरडाच.

चुन्याबद्दल लोक तुला सांगतील की वरून टाक, माश्या पळतात. ओल्या शिटेवर चुना पडला की अमोनियाचा उग्र वास सुटतो आणि तो कोंबड्यांच्या डोळ्यांना नि छातीला लागतो. चुना वापरायचा तर खुराडं रिकामं करून, जमीन खरवडून, तिच्यावर. मग नवी गादी.

आता पाणी. माश्या झालेल्या बहुतेक खुराड्यांत मला दोषी सापडतं ते पाण्याचं भांडं. कोंबडी पिते कमी, सांडते जास्त, आणि भांड्याभोवतीची ती ओली गोल जागा कुणाच्या लक्षात येत नाही. भांडं विटांवर चढव, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला, आणि खाली खडी पसर. पत्र्याच्या पागोळ्या खुराड्याच्या दाराशी पडत असतील तर आधी तिकडे चर काढ. एका बाजूने आपण वाळवतोय आणि दुसरीकडून पागोळी भिजवतेय, असं चाललं तर तुझे सगळे कष्ट वाया.

खाणंही बघ. उरलंसुरलं टाकताना खारट आमटी, लोणच्याचा खार, खारवलेल्या मासळीचं पाणी टाकू नकोस. मीठ जास्त झालं की कोंबड्या पाणी भरमसाट पितात आणि पातळ शिटतात. शिळा भात घाल, पण पसरट भांड्यात आणि अर्ध्या-एक तासात संपेल इतकाच. उरलेला संध्याकाळी उचल. मासळीची खवलं, आतडी, कोलंबीची सालं परसात उघड्यावर फेकायची सवय आपल्या सगळ्यांची. ती माडाच्या बुडाशी हातभर खोल पुरायची. आंब्या-फणसाच्या दिवसांत चारखंडं आणि कुजकी फळं यांचंही तेच.

आणि एक गोष्ट तुझ्या घरच्यांनी ऐकायला हवी. दोष कोंबड्यांच्या माथी मारला जातो, पण गोठ्यामागची गायरी कधी उकरून बघितलीय का कुणी? शेणाचा वरचा पापुद्रा काठीने उचल. खाली पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या, कडेला तपकिरी लांबट कोष सापडले, तर माश्यांचा कारखाना तिथे आहे. तसंच खुराड्याखाली, न्हाणीघराच्या मोरीच्या तोंडाशी, पाण्याच्या भांड्याखाली बघ. अळ्या जिथे सापडतील तिथेच काम करायचं. माशी उडत अर्धा किलोमीटर सहज हिंडून येते, त्यामुळे ती कुठे बसते यावरून ती कुठली हे ठरत नाही.

खरवडलेली घाण नुसती कोपऱ्यात टाकलीस तर तू फक्त माश्यांचं घर हलवलंस. ढीग कर, पण एक थर कोंबडीखताचा आणि त्यावर जाड थर पातेऱ्याचा नाहीतर भुशाचा, असा. वर कोरडी माती आणि ताडपत्री. ढीग कंबरेएवढा झाला की आतून इतका तापतो की हात घालवत नाही. त्या उष्णतेत अंडी, अळ्या दोन्ही मरतात. कडा मात्र थंड राहतात, म्हणून आठवड्यातून एकदा कडेचं आत ओढायचं. हे खत कुजून काळंभोर, बिनवासाचं झालं की माडाला, केळीला घाल. ताजं घातलंस तर मुळं जळतील.

औषधांबाबतीत मी जरा कडक बोलते, रागावू नकोस. घाणीवर फवारा कधीच मारायचा नाही. त्याच घाणीत बारीक भुंगेरे आणि किडे असतात, ते माशीची अंडी आणि कोवळ्या अळ्या खातात. अगदी चिमुकल्या गांधीलमाश्या असतात, त्या माशीच्या कोषात आपलं अंडं घालून तो कोष संपवतात. फवाऱ्याने आधी हे मरतात, आणि माश्या पुन्हा उठतात त्या औषधाला सरावलेल्या. फारच झालं तर वाशांवर, भिंतीवर, जिथे माश्या बसल्याचे काळे ठिपके दिसतात तिथेच, आणि तेही पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून. कोंबड्या, अंडी, दाणा, पाणी सगळं बाहेर काढून. माश्यांसाठी रंगीत दाणेदार विष मिळतं ते तर घरात आणूच नकोस. कोंबडी ते दाणा म्हणून टिपते, आणि तुझं रांगतं बाळ आहे.

सापळा लाव खुशाल. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवायचं, आत आंबलेलं गुळाचं पाणी. पण तो खुराड्यापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब टांग, कारण वासाने माश्या आधी तिकडे येणार.

कोंबड्यांना हात लावून बघत जा. मागची पिसं शिटेने चिकटलेली दिसली की कोमट पाण्याने धुऊन, पिसं कापून, कोरडी कर. अशा ओल्या जागी किंवा उघड्या जखमेवर निळी-हिरवी माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांसात शिरतात. तसं दिसलं तर रॉकेल, फिनेल ओतू नकोस, बिचारी तडफडते. सरळ दवाखान्यात ने. एखादी मेलीच तर त्याच दिवशी दोन-तीन फूट खोल पूर. कुजक्या कलेवरातल्या अळ्या बाकीच्यांनी खाल्ल्या तर त्यांतल्या विषाने मानेतली ताकद जाते, मान लुळी पडते आणि एकीमागून एक जातात. माश्या खाऊन पट्टकृमीही होतात, तेव्हा जंताचं औषध कधी द्यायचं तेही तिथेच विचारून घे.

आता काकूंकडे आजच जा आणि सांग, की मी हे हे सुरू केलंय, पण फरक दिसायला दहा-बारा दिवस लागतील, कारण कोषातल्या माश्या अजून निघायच्यात. घरीही हेच सांगून ठेव, म्हणजे चौथ्या दिवशी कुणी फवारणीचा पंप आणून उभा राहणार नाही. पंधरा दिवसांनी मला फोन कर. कमी झाल्या नसतील तर मी येते दोन दिवस, आपण दोघी मिळून ती गायरी उकरू.