कारागृह शिपाई व्हायचंय

प्रश्न : मी बारावी पास आहे. तुरुंगात नोकरी कशी मिळेल? – एक तरुण, तामलवाडी

उत्तर : पद 'कारागृह शिपाई'. जागा पोलीस भरतीसोबतच निघतात. मैदानी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. मुलं 1600 मीटर धावण्याचा सराव करतात, पण 7.26 किलोचा गोळा ऐनवेळी हातात घेतात आणि गुण घालवतात. तुम्ही आजपासूनच गोळाफेक सुरू करा.

खरं काम मोजदादीचं. बराकी उघडताना, बंद करताना कैदी मोजायचे. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही. नवरात्रात तुळजापूर गजबजलेलं असताना तुमची रात्रपाळी असू शकते, घरच्यांना आताच सांगा. कैद्याशी माणसासारखं बोलणारा, पण त्याची विडीसुद्धा न घेणारा शिपाईच मला या वर्दीला शोभणारा वाटतो.